काळजीची वाटणी

लेकीचा, इराचा फोन आला तेव्हा हर्षदा शाळेतून नुकतीच घरी पोचली होती. पायातल्या चपलाही काढल्या नव्हत्या. धुळ्याच्या डॉक्टरांनी रक्तदाब वाढलाय म्हणून सांगितलं होतं. सातवा महिना चालू होता. मीठ कमी करायचं, डाव्या कुशीवर झोपायचं, आठवड्याने पुन्हा दाखवायला यायचं. इरा हे सगळं हसत हसत सांगत होती, आणि एवढं हसण्यासारखं त्यात काही नाही हे दोघींनाही कळत होतं.

फोन ठेवून हर्षदा स्वयंपाकघरात गेली. तिचा नवरा गिरीश स्टुलावर बसून मटार सोलत होता. तिने त्याला सांगितलं. तो सोलायचं थांबला, तिच्याकडे वळला आणि शेवटच्या शब्दापर्यंत त्याने ऐकलं. इतकं मन लावून ऐकणारा माणूस बघितला नाही, असं हल्ली लोक त्याच्याबद्दल म्हणत, आणि त्यात काही खोटं नव्हतं.

"बरं," तो म्हणाला, आणि त्याने पुढची शेंग उचलली.

ती तिथेच उभी राहिली. डॉक्टर कोण, आकडा किती आला, जावई तन्मय घरी असतो की साक्रीच्या पवनचक्क्यांवरच राहतो, तिच्याजवळ रात्री कोण असतं, यातला एखादा तरी प्रश्न येईल म्हणून. दाणे ताटलीत पडत राहिले. शेवटी तिनेच विचारलं, रविवारी धुळ्याला जायचं का. जाऊ की, असं तो म्हणाला. तिने नको म्हटलं असतं तरी त्याने त्याच सुरात होकार दिला असता.

आणि हाच गिरीश खैरनार एके काळी इराच्या सहलीची बस घाट उतरेपर्यंत गॅलरीत येरझारा घालायचा. पाणीपुरवठा खात्यात अभियंता होता. शहरात कुठे जलवाहिनी फुटली तर आपलंच काही चुकलं असणार असं त्याला वाटायचं. गॅसचा खटका बंद आहे ना, हे जाऊन बघायचा, येऊन बसायचा, परत जाऊन बघायचा. हर्षदाला खोकला आला की त्याच्या मनात तिचा क्षय, सॅनिटोरियम आणि पोरक्या झालेल्या इरापर्यंतची गोष्ट तयार व्हायची. झोप तर कायमची उडालेली. छातीत दुखायचं म्हणून तपासण्या झाल्या, त्यात काहीच निघालं नाही. हृदय ठणठणीत आहे, विचार करणारा तेवढा थकलाय, असं त्या डॉक्टरांनी सांगितलं आणि त्र्यंबक रस्त्यावरच्या केंद्राची चिठ्ठी लिहून दिली.

त्याला तिथे हर्षदानेच नेलं होतं. तो तयार नव्हता. यातही काही झालं तर, हीच त्याची काळजी.

केंद्रात जे यंत्र होतं त्याला लांबलचक नाव होतं, पण लोक त्याला टोप म्हणत. टोप घालून आला की टोपी घालून आला, अशा कोट्या सुरुवातीला पुष्कळ झाल्या. मग घरटी कुणी ना कुणी जाऊन आलं आणि कोट्या थांबल्या. त्यामागचं शास्त्र तसं जुनंच होतं. माणूस रिकामा बसला तरी त्याचा मेंदू रिकामा बसत नाही. कपाळामागचा एक भाग आणि डोक्यात मागच्या बाजूला खोलवर असलेला एक भाग एकमेकांशी बोलायला लागतात. काल काय झालं, उद्या काय होईल, लोक काय म्हणतील, माझं कसं होईल. या अखंड बोलण्यातून जे जाळं विणलं जातं, त्यालाच आपण 'मी' म्हणतो. वर्षानुवर्षं ध्यान करणाऱ्यांमध्ये हे बोलणं मंद झालेलं आढळायचं. टोप तेच काम मोजक्या बैठकांत करायचा. सोनोग्राफीत असतात तसल्या, कानाला न ऐकू येणाऱ्या ध्वनिलहरी टोपाच्या आतल्या असंख्य चकत्यांमधून निघायच्या आणि डोक्यात ज्वारीच्या दाण्याएवढ्या एका जागी भेटायच्या. वाटेत त्यांचा कशालाही उपद्रव नव्हता. जिथे भेटायच्या तिथल्या पेशी मात्र निवांत व्हायच्या. कापाकापी नाही, गोळ्या नाहीत. फक्त दर तीन महिन्यांनी एक बैठक घ्यायची. नाही घेतली तर जाळं हळूहळू पुन्हा विणलं जायचं.

गिरीशच्या सुरुवातीच्या बैठका संपल्या त्या दिवशी ते दोघं रिक्षाने घरी आले. सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा तो बाहेर बघत होता. रस्ता खणलेला होता, कडेला पाइप पडले होते. पूर्वी तो तिथेच उतरून मुकादमाला गाठायचा. त्या दिवशी तो म्हणाला, पाइपावर ऊन कसं पडलंय बघ. हर्षदाला तेव्हा रडू आलं होतं, आनंदाने. आता आपल्या घरात झोप येईल, असं तिला वाटलं.

झोप आली, पण एकट्या गिरीशला.

कारण घरात काळजीची एक वाटणी होती, हे तिला ती मोडल्यावर कळलं. आजारपण, प्रवास, गॅस, कुलपं आणि इराच्या येण्याजाण्याच्या वेळा त्याच्याकडे. सण, नाती, कुणाला काय बोललं गेलं, कुणाला काय द्यायचं, हे तिच्याकडे. तो जास्त करायचा म्हणून तिला कमी करून भागायचं. कितीदा तर त्याला हसून भागायचं. आता त्याचा वाटाही तिच्याकडे आला. तो सांगितलेलं प्रत्येक काम करी. पण सांगायचं तिने, आठवायचं तिने, झालं का ते बघायचंही तिनेच. विम्याचा हप्ता चुकला, तो म्हणाला, चुकला खरा. सासूबाईंच्या वर्षश्राद्धाचा दिवस उलटून गेला, तो म्हणाला, आई तर रोजच आठवते. त्याच्यावर चिडता येत नव्हतं, कारण चिडल्यावर तो तितक्याच प्रेमाने तेही ऐकून घ्यायचा.

हे एकाच घरात होत होतं असं नाही. त्यांच्या सोसायटीच्या सभा भांडणाशिवाय संपायला लागल्या, आणि पाण्याच्या टाक्या वर्षभर धुतल्या गेल्या नाहीत. कार्यालयांनी आधी टोपवाल्या माणसांना आनंदाने घेतलं. नंतर लक्षात आलं की त्यांना मुदतीची भीती वाटत नाही. लग्नाच्या जाहिरातींत 'टोप न घातलेली' असा उल्लेख दिसू लागला. तरीही केंद्रापुढची रांग कमी होत नव्हती, कारण जाऊन आलेल्यांपैकी एकानेही कधी पस्तावा झाल्याचं सांगितलं नव्हतं.

गिरीशकडे तर रविवारी सकाळी लोक येऊन बसू लागले. काहींनी टोप घातलेला, काहींना घालायचा होता पण धीर होत नव्हता. तो प्रवचन वगैरे करत नसे. कुणी विचारलं तर दोन वाक्यं बोले, एरवी गप्प बसे, आणि ती माणसं उठताना हलकी होऊन जात. हर्षदा सगळ्यांचा चहा करायची.

त्या रविवारी धुळ्याला जाणं झालं नाही, कारण तन्मय इराला घेऊन त्याच्या आईकडे गेला होता. म्हणून हर्षदा घरीच होती. मंजिरी देवरे नावाच्या बाई नेहमी येत. बँकेतून निवृत्त झालेल्या, बोलायला चांगल्या. त्या कप ठेवायला आत आल्या आणि हर्षदाचा चेहरा बघून काय झालं म्हणून त्यांनी विचारलं. हर्षदाने इराच्या रक्तदाबाचं सांगितलं. बाईंनी तिचा हात हातात घेतला.

"एक सांगू का, रागावू नका," त्या म्हणाल्या. "आपण जसा विचार करतो तसंच पुढे घडत जातं. तुम्ही रोज फोनवर जी भीती तिला देता, तीच तिच्या अंगात उतरत असेल. गिरीशदादांकडे बघा. तुमच्या घरात दिवा असून तुम्ही अंधारात बसलाय."

त्यांच्या बोलण्यात काडीचाही दुष्टपणा नव्हता. म्हणूनच ते जास्त लागलं. त्या गेल्यावर हर्षदाने सगळे कप घासले, घासलेले पुन्हा घासले. म्हणजे पोरीचा रक्तदाब वाढला तोही आपल्यामुळे. हे खोटं आहे असं तिला छातीठोकपणे म्हणता येईना. दिवसातून तीनदा ती फोन करायची. पाय सुजले का, डोकं दुखतं का, समोर काजवे चमकतात का. विचारून झाल्यावर पलीकडे इराचा आवाज बारीक झालेला असायचा.

ती इतकी दमली होती की रागही फार वेळ टिकला नाही. पुढच्या आठवड्यात तिने शाळेत अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि ती एकटी केंद्रात गेली.

डॉ. अश्लेषा पिंगळे या गिरीशच्याच डॉक्टर. पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या. केंद्राच्या फाटकावर 'विचार बदला, जग बदलेल' अशी मोठी पाटी होती. ती पाटी आपल्याला विचारून लावलेली नाही, असं त्यांनी आपणहून सांगितलं. हर्षदाने एकच गोष्ट विचारली. माझ्या काळजीने माझ्या मुलीला काही होतं का?

"तिचा रक्तदाब तिच्या गर्भारपणामुळे आहे," डॉक्टर म्हणाल्या. "तुमच्या विचारांनी नाशिकहून धुळ्याला काही पोचत नाही. जग आहे तिथेच असतं. पण आपण जगात राहत नाही ना, आपल्या मेंदूने जगाचा जो अंदाज बांधलेला असतो त्यात राहतो. तो अंदाज विचारांचाच असतो. टोपाने तो बदलतो. बाहेरचं काही बदलत नाही."

मग त्यांनी नमुना बैठकीचं सुचवलं. एकदाच घ्यायची, परिणाम काही तासांत ओसरतो. त्यावरून ठरवा. घरी जायची घाई करू नका, संध्याकाळपर्यंत इथल्या बागेत बसा.

टोप जड होता आणि आतून गार. काहीच जाणवलं नाही. परिचारिकेने तिला बागेत चिंचेखाली आणून बसवलं, पाणी दिलं आणि ती निघून गेली.

आधी वारा पडल्यासारखं वाटलं. चिंच हलत होती, म्हणजे वारा होता. पडलं होतं ते दुसरंच काहीतरी. डोक्यातलं बोलणं चालू होतं, पण शेजारच्या घरात रेडिओ लागावा तसं, भिंतीपलीकडे. उद्याचं वेळापत्रक, दहावीच्या वर्गाचा गणिताचा तास, इराचे पाय. ते कुणाचे तरी विचार होते. त्यात ऐकण्यासारखं विशेष नव्हतं. मग रेडिओही बंद झाला. तिने हर्षदा कुठे आहे ते पाहिलं, कुतूहलाने, दुसऱ्या कुणाला तरी शोधावं तसं. ती कुठेच नव्हती. नव्हती म्हणून जागा रिकामी झाली होती असं नाही. ऊन होतं, मुंग्यांची ओळ होती, चिंचेच्या पानांची बारीक सळसळ होती, आणि या सगळ्याला कुणाचीही गरज नव्हती. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कुठेही पोचायचं नव्हतं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसावंसं वाटत नव्हतं. जन्मभर देवासमोर हात जोडून जे मागितलं ते हेच असणार, आणि ते इतकं जवळ होतं.

हे खोटं नव्हतं. पुढे कधीही तिला ते खोटं म्हणता आलं नाही.

पर्समध्ये फोन थरथरला. तिने तो काढून मांडीवर ठेवला. पडद्यावर इराचं नाव आलं. तिने ते वाचलं. थरथर मांडीतून गुडघ्यापर्यंत जात होती, ती छान वाटत होती. फोन थांबला. पुन्हा वाजला, पुन्हा थांबला. इरा म्हणजे कोण हे तिला नीट माहीत होतं. तिच्यावर माया होती, मुंग्यांवर होती तितकीच, चिंचेवर होती तितकीच. तिसऱ्यांदा फोन वाजला तेव्हा त्याच्या काचेवर एक पान पडलं होतं, आणि ती त्या पानाकडे बघत होती.

उन्हं कलली तसा परिणाम ओसरत गेला. सगळ्यात आधी चपलेचा पट्टा बोचायला लागला. मग गणिताचा तास आठवला. मग इरा.

पडद्यावर इराचे न उचललेले तीन फोन दिसत होते. तिने फोन लावला. इराने उचलला. ती दवाखान्यातून बोलत होती. दुपारी डोकं असह्य दुखायला लागलं, डोळ्यांसमोर काजवे चमकायला लागले. तन्मय पवनचक्कीवर, तिथे फोन लागत नाही. आईला लावला, आईने उचलला नाही. बाबांना लावला, बाबांनी उचलला.

"ते म्हणाले, बाळा, घाबरू नकोस, जे व्हायचं ते होऊ दे," इरा सांगत होती. तिचा आवाज औषधाने जड झाला होता. "पण आई, मला भीती वाटली. म्हणून मीच रिक्षा बोलावली आणि आले. डॉक्टर म्हणाले, बरं झालं आलीस. थोडा उशीर झाला असता तर झटके आले असते."

आता रक्तदाब उतरतो आहे, दोन दिवस ठेवून घेणार आहेत, सासूबाई येऊन बसल्या आहेत, असं ती सांगत राहिली. तू का उचलला नाहीस, असं तिने विचारलं नाही. हर्षदाने ते न विचारता सांगून टाकलं. मग इराने विचारलं की तिथे कसं वाटत होतं. फार छान वाटत होतं, असं हर्षदा म्हणाली. मग ती रडली, आणि या वेळी तिला डोळे पुसावे लागले.

घरी आली तेव्हा गिरीश गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घालत होता. तिने विचारताच त्याने सगळं जसंच्या तसं सांगितलं. हो, इराचा फोन आला होता. घाबरली होती. मी तिला शांत राहायला सांगितलं.

"आणि मग तुम्ही काय केलंत?"

"मग कुंड्यांची माती उकरली."

हर्षदा खुर्चीत बसली. ओरडायला हवं होतं, पण तेवढी ताकद नव्हती. आणि त्याच दुपारी ती स्वतः फोनवर पडलेल्या पानाकडे बघत बसली होती. तो कुठे असतो हे आता तिला माहीत झालं होतं. तिथे राहून उठावंसं वाटणं शक्यच नव्हतं.

"मी किती दमले आहे, ते तुम्हाला दिसतं का?" तिने विचारलं.

त्याने झारी खाली ठेवली आणि तिच्याकडे पाहिलं. पूर्वी कधी पाहिलं नसेल इतकं नीट.

"दिसतं. डोळ्यांखाली दिसतं, चालण्यात दिसतं. सगळं दिसतं हर्षदा." मग खरं तेच सांगायचं म्हणून तो म्हणाला, "पण टोचत नाही."

ती म्हणाली, "पुढच्या बैठकीला जाऊ नका."

"तुला तसं हवंय?"

"हो."

"बरं," तो म्हणाला.

त्याने वाद घातला असता, हात जोडले असते, तर तिला सोपं गेलं असतं. त्याने जे दिलं ते दिल्याचं त्याला काहीच वाटलं नाही, आणि एखाद्या झोपलेल्या माणसाच्या अंगावरून पांघरूण ओढून घ्यावं तसं तिला झालं. ती डॉ. पिंगळ्यांना भेटून आली. हा निर्णय योग्य की अयोग्य, हे मला सांगता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाल्या. जाळं विणलं जाताना त्रास होईल, तेवढं सांभाळा.

बैठकीची तारीख तशीही आलेलीच होती. ती तारीख तशीच उलटून गेली. सुरुवातीला काहीच फरक पडला नाही. रविवारची मंडळी येत राहिली. मग एका रविवारी कुणीतरी फार वेळ बोलत बसलं आणि गिरीश घड्याळाकडे बघताना हर्षदाला दिसला. त्या आठवड्यात तो दूधवाल्याशी तुटक बोलला. त्यानंतर एकदा ती अंघोळीहून आली तर तो गॅसचा खटका बघून परत येत होता. दोघांची नजरानजर झाली. तो ओशाळला. तिला भीती वाटली, आणि बरंही वाटलं.

पुढचे दिवस वाईट गेले. सगळं एकदम परत आलं, दोन वर्षं न केलेलं सगळं. आईचं चुकलेलं वर्षश्राद्ध आठवून तो दुपारभर रडला. इराच्या त्या फोनचा अर्थ त्याला आता कळला आणि मग तो जेवेना. "मी माती उकरत होतो," असं तो पुन्हा पुन्हा म्हणायचा. रविवारची मंडळी हळूहळू यायची थांबली. मंजिरी देवरे शेवटचं आल्या तेव्हा त्यांनी हर्षदाकडे जे पाहिलं त्यात दया होती. गिरीशच्या डोळ्यांखाली काळं दिसू लागलं.

एके दिवशी जेवताना त्याने घास ताटात ठेवला.

"तिथे किती बरं होतं," तो म्हणाला. "तू मला परत का आणलंस?"

चांगली कारणं पुष्कळ होती. इरा होती, येणारं बाळ होतं, कर्तव्य वगैरे म्हणता आलं असतं. पण चिंचेखाली बसून आल्यापासून तिला स्वतःच्या डोक्यातलं बोलणं कधी कधी भिंतीपलीकडून ऐकू यायचं. कुठली काळजी खरी, कुठली नुसती सवयीची, हे थोडंफार वेगळं काढता यायचं. इराला आता ती दिवसातून एकदाच फोन करायची आणि आधी तिचं ऐकून घ्यायची. म्हणून ती सगळी चांगली कारणंही तिला वाजताना ऐकू आली, आणि त्यांच्या तळाशी काय होतं तेही.

"मला एकटीला जमत नव्हतं," ती म्हणाली.

गिरीशने ताट जवळ ओढलं. मग त्याने घास उचलला. माफ केलं की नाही ते त्याने सांगितलं नाही, तिनेही विचारलं नाही.

इराला दिवस भरायच्या आधीच दाखल करावं लागलं. रक्तदाब पुन्हा चढला होता, थांबण्यात अर्थ नाही म्हणाले. दोघं सकाळीच गाडी करून धुळ्याला निघाले. वाटेत गिरीशने चालकाला दोनदा हळू चालवायला आणि एकदा जरा भरभर चालवायला सांगितलं. पोचेपर्यंत इराला शस्त्रक्रियेसाठी आत नेलं होतं. तन्मय रक्ताच्या सोयीसाठी रक्तपेढीत गेला होता.

बाहेरच्या व्हरांड्यात एक बाकडं होतं, त्यावर भिंतीच्या जाळीतून आलेलं दुपारचं ऊन पडलं होतं. हर्षदा बसली. गिरीशला बसवेना. या टोकापासून त्या टोकापर्यंत तो चालत होता, दारापाशी थांबत होता, काचेतून काही दिसतं का बघत होता. जाणाऱ्या परिचारिकेला त्याने गाठलं आणि भूल कोणती दिली, रक्त कुठल्या गटाचं आणलंय, लहान मुलांचे डॉक्टर आत आहेत ना, हे सगळं विचारून घेतलं. ती उत्तरं देऊन सुटली, तर तो पुन्हा मागे गेला, कारण एक विचारायचं राहिलं होतं. कपाळावर घाम आला होता. ओठ हलत होते. बघवत नव्हतं खरं तर.

हर्षदा त्याच्याकडे बघत होती. तिच्या मनात आलं की जे जे विचारायला हवं ते विचारून झालंय. तिने स्वतःला चाचपून पाहिलं. भीती होती. पण कितीतरी दिवसांत पहिल्यांदाच ती एकट्या तिच्या अंगावर नव्हती. खांदे आपोआप खाली आले. मागची भिंत उन्हाने कोमट झाली होती. तिने डोकं टेकवलं.

"अगं, झोपतेस काय अशा वेळी?" गिरीश समोर येऊन उभा राहिला. त्याचा आवाज चिरका झाला होता.

"तुम्ही आहात ना," ती म्हणाली. तिचे डोळे मिटलेच होते.

किती वेळ गेला ते तिला कळलं नाही. खांद्यावर हात पडला. गिरीश वाकून सांगत होता. मुलगी झाली. वजन जरा कमी आहे, पण रडली चांगली. इरा शुद्धीवर आहे. रक्तदाब अजून खाली यायचाय, दोन दिवस डोळ्यांत तेल घालून बघावं लागेल म्हणाले, मी मोठ्या डॉक्टरांशी बोललो, पुन्हा बोलणार आहे. मग तो सरळ उभा राहिला आणि पुन्हा दाराकडे बघायला लागला.

हर्षदाने उठायचा प्रयत्न केला, पण अंग साथ देईना.

"आत इतक्यात सोडत नाहीत," तो म्हणाला. "पड तू जरा. मी बघतो."

ती पुन्हा झोपली.